सांगली-मिरजेत राहून विशेष मुलांसाठी काम करायचंय? सुरुवातीपासूनचा रस्ता

बारावीचा निकाल लागला की आमच्या विशेष मुलांच्या शाळेच्या ऑफिसात तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या मुली चौकशीला येतात. कुणाचा भाऊ अशा शाळेत शिकलेला असतो, तर कुणाला 'स्पेशल डी.एड. केलं की नोकरी लवकर लागते' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मुलगे कमी येतात, आणि खरं तर त्यांची फार गरज आहे, कारण वयात आलेल्या मुलांना आंघोळ, दाढी, कपडे बदलणं शिकवायला पुरुष शिक्षक आणि पुरुष काळजीवाहकच हवेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोर्स कुठला करू? मी म्हणते, कोर्सचं मागाहून बघू. आधी काम काय आहे ते बघून घ्या.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), डाउन सिंड्रोम, बहुविकलांगता (एकाहून अधिक अपंगत्व) असलेल्या माणसाला स्वतःचं जितकं स्वतः करता येईल तितकं करायला शिकवायचं, आणि जिथे जमणारच नाही तिथे त्याचा मान राखून मदत करायची, असं हे काम आहे. मायाळू माणसाला यातला दुसरा भाग चटकन जमतो. पहिला अवघड जातो. घास भरवायला पाच मिनिटं लागतात. हातात चमचा देऊन, सांडलेलं बघत, आपला हात आवरून बसायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास ज्याला देता येतो, त्याने या क्षेत्रात जरूर यावं.

आधी शाळेत जाऊन बसा

सांगली, मिरज आणि तालुक्याच्या गावांतून विशेष शाळा आहेत. काही अनुदानित आहेत, काही विनाअनुदानित, काही निवासी. अठरा वर्षांवरच्यांसाठी कर्मशाळा आहेत. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात त्यांची यादी मिळते. त्यातली जवळची शाळा निवडा, मुख्याध्यापकांना साधा अर्ज लिहा की मला या क्षेत्रात यायचं आहे, काही दिवस वर्गात बसून बघायची परवानगी द्यावी. सोबत आधार कार्डाची प्रत आणि ओळखीच्या एखाद्या शिक्षकांचं पत्र जोडा. चांगली शाळा तुमची चौकशी करेल, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीही मागेल. त्याचा राग मानू नका. अशी चौकशी न करता कुणालाही मुलांमध्ये सोडणारी शाळा असेल तर तिच्याबद्दलच शंका घ्या.

जाताना साधे, धुवायला सोपे कपडे घाला. लोंबते कानातले आणि ओढणी घरी ठेवा. मोबाईल पिशवीत राहू दे. मुलांचे फोटो काढून स्टेटसला लावायचे नाहीत, शाळेने हो म्हटलं तरी नाहीत.

पहिल्या दिवशी सगळं अंगावर येतं. कुणी तोंडातली लाळ पुसायला लावतं, कुणी सारखा एकच प्रश्न विचारतं, कुणी कोपऱ्यात कानावर हात ठेवून डोलत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वेगळं दिसायला लागतं. एकच मूल निवडा आणि सकाळी प्रार्थनेपासून सुट्टीपर्यंत त्याच्याकडेच लक्ष ठेवा. त्याला हवं ते तो कसा मागतो? कशाने चिडतो, कशाने शांत होतो? बाई त्याच्यासाठी काय करतात, आणि काय मुद्दाम करत नाहीत? शाळेतल्या मदतनीस मावशींच्या मागे जाऊन त्या मुलांना बाथरूमला कसं नेतात, दार लोटून घेतात का, मुलाला आधी सांगून मग कपड्याला हात लावतात का, हे बघा. शाळेचा खरा दर्जा तिथे कळतो, गॅदरिंगच्या नाचात कळत नाही.

आठवड्याभराने स्वतःला विचारा. वासाची, लाळेची किळस कमी झाली का? एखाद्या मुलाची घरी आल्यावर आठवण आली का? नुसती दया येत असेल आणि डोळे भरून येत असतील, तर थोडं थांबा. दयेवर ही नोकरी वर्षभरही निभत नाही. कुतूहल वाटत असेल, 'याला हे का जमत नाही आणि कसं जमवता येईल' असा विचार डोक्यात घोळत असेल, तर पुढचं वाचा.

शिक्षणाप्रमाणे दारं वेगळी

दहावी झालेल्यांना काळजीवाहक म्हणून सुरुवात करता येते. निवासी शाळा, बालगृहं आणि आता घरोघरीही चांगल्या काळजीवाहकांना मागणी आहे. राष्ट्रीय न्यास या अशा व्यक्तींसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेची 'सहयोगी' ही योजना असे काळजीवाहक तयार करण्यासाठीच निघाली. या कामाला कमी लेखू नका. मुलाचा सगळ्यात जास्त वेळ काळजीवाहकाबरोबर जातो, आणि त्याने जेवण-आंघोळ नीट शिकवली तर शिक्षकाचं निम्मं काम होतं.

बारावीनंतर दोन वर्षांचा विशेष शिक्षणाचा डी.एड. आहे. कोणत्याही शाखेची बारावी चालते, साधारण ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत असते. त्यात बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमतेची शाखा घ्यायची. कर्णबधिर आणि दृष्टिहीन मुलांच्या शाखा वेगळ्या आहेत, आणि अर्ज भरताना अनेकांची इथेच गल्लत होते. पदवीधरांसाठी दोन वर्षांचं विशेष बी.एड. आहे. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचा विशेष शिक्षणाचा जुना विभाग आहे, नवी मुंबईत खारघरला, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, पुण्यात आणि कोल्हापुरातही प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. कोल्हापूर मिरजेहून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे घरून ये-जा करायची असेल तर आधी तिकडचे पर्याय बघा.

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांना तीन मोठी दारं आहेत: वाचा-श्रवणोपचार (बीएएसएलपी), ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार) आणि फिजिओथेरपी. फिजिओथेरपीचं कॉलेज कराडलाही आहे. वाचाउपचारतज्ज्ञ आमच्या भागात फार कमी आहेत. जत, आटपाडी, शिराळ्याच्या आया मुलाला कडेवर घेऊन मिरजेपर्यंत येतात, आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपी घेऊन परत जातात. तालुक्याच्या ठिकाणी बसायची तयारी असलेल्या वाचाउपचारतज्ज्ञाला काम कमी पडणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुलाची बुद्धिमापन चाचणी घेऊन अहवाल देणं, मग ती बिने-कामत असो की आणखी कोणती, हे नुसत्या एम.ए.वर करता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने (तिच्याबद्दल पुढे सांगते) मान्य केलेली क्लिनिकल किंवा रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजीची पात्रता लागते. समाजकार्याच्या पदवीधरांना संस्थांत आणि दवाखान्यांत समुपदेशक म्हणून वाव आहे.

फी भरण्याआधी हे तपासा

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे फसलेली माणसं नंतर रडत येतात.

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ही १९९२ च्या कायद्याने उभी राहिलेली संस्था विशेष शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्या शिक्षणाला मान्यता देते आणि त्यांची नोंदणी ठेवते. या नोंदवहीत नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणं हा त्याच कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे 'सहा महिन्यांत स्पेशल एज्युकेटर बना', 'घरबसल्या ऑनलाइन चाइल्ड थेरपिस्ट' अशा जाहिरातींतलं प्रमाणपत्र भिंतीवर लावायच्या लायकीचं असेल, पण त्यावर नोकरी मिळत नाही.

परिषदेच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तीत संस्थेचं नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत, किती जागांना मान्यता आहे ते बघा. एका अभ्यासक्रमाची मान्यता असते आणि दुसऱ्याची संपलेली असते. मुक्त विद्यापीठातून किंवा दूरशिक्षणाने बी.एड. करणार असाल तर त्या वर्षाच्या तुकडीला परिषदेची मान्यता आहे हे लेखी मागा. डिप्लोमा अभ्यासक्रमांच्या परीक्षा परिषदेचं राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं, तेव्हा 'आमची आम्ही परीक्षा घेतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर शिक्षक प्रशिक्षणाचे सगळेच नियम हलत आहेत. म्हणून गेल्या वर्षी पास झालेल्या मैत्रिणीच्या माहितीवर फी भरायची नाही, या वर्षीचं परिपत्रक स्वतः वाचायचं.

संस्थेला जोडून मुलांची चालती शाळा आहे का, हेही जाऊन बघा. कागदावर शाळा आणि प्रत्यक्षात कुलूप असेल तर दोन वर्षांनी तुमच्या हातात पदविका असेल, पण मुलाशेजारी कसं बसायचं ते माहीत नसेल.

पास झाल्यावर लगेच केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव घाला. या नोंदवहीच्या, म्हणजे सीआरआरच्या, क्रमांकाशिवाय मुलाखतीला बोलावत नाहीत. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांना हजेरी लावून गुण मिळवावे लागतात. कार्यशाळांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये लावत जा.

वर्गात काय शिकवायचं ते कसं ठरतं

नव्या शिक्षकाला वाटतं, आपण अ-आ-ई आणि अंक शिकवायचे. काही मुलांना ते शिकवायचं असतंच. पण आधी मूल आज कुठे आहे ते मोजावं लागतं. त्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली एफएसीपी ही तपासणी सूची वापरतात, एमडीपीएस ही तशीच दुसरी सूचीही चालते. जेवण, कपडे, स्वच्छता, बोलणं, वाचन, पैसे, वेळ असं एकेक घेऊन मूल काय स्वतः करतं, काय सांगितल्यावर करतं, काय हात धरल्यावर करतं हे लिहायचं. त्यावरून वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम, आमच्या भाषेत आयईपी, करायचा.

आयईपी लिहिताना उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे. 'स्वावलंबन वाढवणे' असं लिहून फाईल भरते, मूल पुढे सरकत नाही. 'दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, एकदा तोंडी सांगितल्यावर, शर्टाची सगळी बटणं पाचपैकी चार दिवस स्वतः लावेल' असं लिहिलं की तुम्हालाही कळतं आणि आईलाही कळतं.

आता हेच बटण शिकवायचं कसं ते जवळून बघू. मोठी बटणं आणि सैल काजं असलेला शर्ट घ्या. आईला सांगून जुन्या शर्टाची काजं थोडी मोठी करून आणायला सांगावं. मुलाच्या समोर बसू नका, पाठीमागे बसा, म्हणजे तुमचे हात आणि त्याचे हात एकाच दिशेने चालतात. काम तोडा: काजाची कड धरणं, दुसऱ्या हाताने बटण धरणं, बटणाची कड काजात घालणं, पलीकडून अंगठ्याने पकडणं, ओढणं. सुरुवात शेवटून करा. तुम्ही बटण जवळजवळ पूर्ण आत घाला आणि शेवटचं ओढणं फक्त त्याला करू द्या. बटण लागलं, काम झालं, शाबासकी मिळाली. ते पक्कं झालं की अंगठ्याने पकडणंही त्याच्याकडे द्या, मग त्याआधीचं. मदतही पायरीपायरीने काढायची: आधी हातावर हात, मग मनगटाला नुसता स्पर्श, मग बोटाने खूण, मग शब्द, मग काहीच नाही. यातलं शेवटचं 'काहीच नाही' शिक्षकाला सगळ्यात जड जातं. बसची वेळ झालेली असते, आई दारात उभी असते, आणि आपला हात आपोआप पुढे जातो. म्हणून बटणाचा सराव सुट्टीच्या घाईत ठेवू नये, सकाळी आल्यावर ठेवावा.

कोणतंही कौशल्य असंच तोडता येतं. एकदा हे तोडणं जमलं की दात घासण्यापासून वडापमध्ये बसून विश्रामबागला उतरण्यापर्यंत सगळं शिकवता येतं.

जे माहीत असलंच पाहिजे

काही गोष्टी कॉलेजात एका तासात उरकतात आणि नोकरीत रोज लागतात. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउड्या मारायला लावू नका. त्यांच्यात थायरॉइडचे आणि हृदयाचे त्रासही जास्त दिसतात. मूल एकाएकी सुस्त झालं तर आळशीपणाचा शिक्का मारू नका. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवं ठेवून किंवा मान मागे टाकून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, त्याला बसतं करून, मान किंचित पुढे ठेवून भरवायचं. स्वमग्न मुलासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा, आणि क्रम बदलणार असेल तर आधी सांगा.

फिट येणाऱ्या मुलांचं प्रमाण या शाळांत बरंच असतं. फिट आली की घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, कॉलर सैल करा, आजूबाजूचं बाक-टेबल सरकवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. झटके येत असताना हात-पाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, डोक्याला मार लागला किंवा फिट पहिलीच असेल, तर १०८ ला फोन. फिट कशी सुरू झाली, कोणत्या बाजूने, किती वेळ, हे लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. फिट वर्षभर आली नाही म्हणून घरचे गोळी बंद करतात, आणि मग मोठी फिट येते. हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. कृष्णाकाठच्या गावांत पावसाळ्याआधी आणखी एक काम करा: फिटच्या गोळ्यांचा जादा साठा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तयार ठेवायला सांगा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात माणसं नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली, आणि अशा वेळी चुकलेला एक डोसही महागात पडतो.

मूल चावतं, मारतं, स्वतःचं डोकं आपटतं तेव्हा 'खोडकर आहे' म्हणून सोडून देऊ नका. त्याआधी काय झालं, त्याने नेमकं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, असे तीन रकाने आखून आठवडाभर लिहा. बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात उत्तर सापडतं. चावलं की अवघड काम टळतं, असं त्याला कळलेलं असतं. मग त्याला 'नको' किंवा 'थांबा' हे शब्दाने, खुणेने किंवा चित्राने सांगायला शिकवायचं आणि त्याने सांगितलं की खरंच थांबायचं. वागणं एकाएकी बदललं असेल तर आधी दात, कान, पोट तपासून घ्या. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं असंच बाहेर येतं.

लैंगिक अत्याचाराबद्दल स्पष्ट लिहिते. या मुलांना धोका जास्त असतो, कारण सांगता येत नाही आणि सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही कळलं किंवा शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल, घरचे नको म्हणतात, ही कारणं कायद्यात बसत नाहीत, न कळवणं हाच गुन्हा ठरतो. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक पाठ ठेवा. आणि मुलांना आपल्या शरीराच्या अवयवांची खरी नावं, कुणी कुठे हात लावायचा नाही आणि नाही कसं म्हणायचं, हे बटणाइतकंच पद्धतशीर शिकवा.

पालकांशी बोलणं

पालकसभेत एका आईने विचारलेलं मला रोज ऐकू येतं: "बाई, माझ्या माघारी हिचं कोण करणार ओ?" याला 'देव आहे' असं उत्तर द्यायचं नसतं. तिला कागद आणि रस्ता द्यायचा असतो.

शिक्षकाला हे कागद माहीत असलेच पाहिजेत. सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना, ज्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. एसटीची प्रवास सवलत. तहसीलदार कार्यालयातली संजय गांधी निराधार योजना. आणि ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कायदेशीर पालकत्व. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्वाचं प्रमाणपत्र घेता येतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांना हा कायदा लागू आहे. बँक खातं, जमिनीतला हिस्सा, पेन्शन, सगळीकडे हे प्रमाणपत्र लागतं, आणि वडील गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते असतानाच करून घेतलेलं बरं.

घरी गेलात तर आधी मूल काय करतं ते बोला, काय करत नाही ते मागाहून. सासूबाई, आजोबा घरात असतील तर त्यांनाही जवळ बसवा. शिकवलेलं मोडतं ते बहुतेक आजीच्या मायेने: 'राहू दे गं, मी भरवते.' आजीला दोष देऊ नका, तिला काम द्या. ताट वाढून समोर ठेवायचं आणि दहा मिनिटं शेजारी बसून गोष्ट सांगायची, हे ती आनंदाने करते.

नोकऱ्या कुठे आणि कशा

अनुदानित विशेष शाळा आणि कर्मशाळांत विशेष शिक्षक, कला शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट), काळजीवाहक, अधीक्षक अशी मंजूर पदं असतात आणि त्यांना शासनाची वेतनश्रेणी असते. भरतीच्या जाहिराती स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. अशा पदासाठी कुणी 'डोनेशन' मागितलं तर देऊ नका; पदाला शासनाची मान्यता आहे का, हे आधी समाजकल्याण विभागात विचारा. विनाअनुदानित शाळांत मानधन तुटपुंजं असतं. अनुभवासाठी वर्ष-दोन वर्षं तिथे काढायला हरकत नाही, पण नेमणूकपत्र घेऊनच.

साध्या शाळांतलं काम आता वाढतं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि सहा ते अठरा वयाच्या लक्षणीय दिव्यांग (म्हणजे किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या) मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांत दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. त्यानंतर २०२४ मध्ये राज्याने केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या प्रत्येक समूहासाठी, ४८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. समग्र शिक्षा अभियानात वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांनी यासाठी मोठा लढा दिला आहे. अशा पदांसाठी टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, अट असू शकते, म्हणून डी.एड. किंवा बी.एड. करतानाच ती परीक्षा देऊन टाका.

लहान बाळांसोबत काम करायचं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं बघा. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतून मुलांची तपासणी होते आणि विकासात मागे पडलेली मुलं या केंद्राकडे पाठवली जातात. याशिवाय खासगी थेरपी केंद्रं आहेत, साध्या शाळेत एकाच मुलासोबत बसून त्याला मदत करणाऱ्या शॅडो टीचरचं काम आहे. खासगीत पैसे लवकर मिळतात, पण निवृत्तिवेतन नाही, आणि शिकवणारं वरिष्ठ कुणी जवळ नसतं. पहिली दोन वर्षं तरी जुन्या जाणत्या शिक्षकांच्या हाताखाली काढावीत, असं माझं ठाम मत आहे.

शरीर सांभाळा. मोठ्या मुलाला कंबरेत वाकून उचलू नका, गुडघ्यात वाका आणि दोघांनी उचला.

अठरानंतरचं काम, जिथे माणसंच नाहीत

तरुण मुलामुलींना मी आग्रहाने इकडे वळवते. शाळा अठराव्या वर्षी संपते. दहा-बारा वर्षं शिकलेला मुलगा घरी बसतो, टीव्हीसमोर वजन वाढवतो आणि शिकलेलं विसरतो. कर्मशाळांत जागा कमी आहेत, आणि कर्मशाळेतून बाहेर खऱ्या कामावर नेणारी माणसं त्याहून कमी. वास्तविक सांगली जिल्ह्यात या मुलांना जमणारी कामं किती आहेत! बेदाणा निवडणं, हळद पावडरची पाकिटं भरणं, कुपवाड एमआयडीसीत सुट्या भागांची मोजणी आणि पॅकिंग, नर्सरीत पिशव्या भरणं.

बेदाण्याचंच घ्या. 'नीट निवड' म्हटलं तर मुलाला काहीच कळत नाही. टेबलावर तीन ताटं ठेवा, डावीकडे न निवडलेला माल, मधे रिकामं, उजवीकडे लाल पट्टी चिकटवलेलं. मधल्या ताटात मूठभरच माल ओतायचा. पहिल्या आठवड्यात फक्त काड्या शोधायच्या आणि लाल पट्टीच्या ताटात टाकायच्या, बाकी काही नाही. काडी दिसते, हाताला टोचते, चूक-बरोबर लगेच कळतं. ते पक्कं झालं की काळे पडलेले दाणे. त्यासाठी एक काळा दाणा पारदर्शक चिकटपट्टीने ताटाच्या कडेला नमुना म्हणून लावून ठेवायचा. आकाराप्रमाणे प्रत लावणं सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यांना ते जमतंच असं नाही. ज्याला जमत नाही तो काड्या काढण्यात पटाईत होतो, आणि मालकाला तोही हवा असतो. टोपी, हात धुणं, तोंडात न टाकणं हे पहिल्या दिवसापासून, कारण हा खाण्याचा माल आहे. काही मुलं याबाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर असतात.

मालकाकडे जाताना उपकार मागायला जाऊ नका. आधी स्वतः दोन दिवस त्या शेडमध्ये बसून कामं बघा, त्यातलं कोणतं काम आपल्या कोणत्या मुलाला जमेल ते लिहा, आणि मग सांगा: दोन मुलं देतो, सोबत आमचा शिक्षक महिनाभर राहील, माल बिघडला तर आमची जबाबदारी. तिथल्या कामगार बायकांशी आधी ओळख करून घ्या. मुलाला कोण चिडवेल आणि कोण सांभाळेल ते त्यांच्या बोलण्यावरून कळतं, त्यातल्याच एखाद्या काकूंना त्याच्या शेजारी बसवायची विनंती करा. दुसऱ्या महिन्यात शिक्षकाने अर्धा दिवसच जायचं, तिसऱ्यात आठवड्यातून एकदा, आणि नंतर फोनवर.

मजुरीचं पहिल्याच भेटीत ठरवा: किलोमागे की दिवसावर, इतर कामगारांना काय दर आहे, आणि या मुलांना तोच मिळणार की नाही. 'येऊ दे, वेळ जाईल त्याचा, खाऊला देऊ काहीतरी' यावर हो म्हणू नका. जे ठरेल ते कागदावर घ्या, त्याची एक प्रत पालकांना द्या, आणि पैसे मुलाच्या स्वतःच्या खात्यावर जमा करायला सांगा. खातं नसेल तर पालकत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड आणि आधार घेऊन वडिलांसोबत बँकेत जा, मुलालाही सोबत न्या. पहिल्या मजुरीतून काय घ्यायचं हे त्यालाच विचारा.